मिस पेनहॅलोच्या कोटाचा रंग

१

शनिवारी सकाळी साडेदहाला गेथिन प्रॉसरने पांढरे सुती हातमोजे चढवले. एकोणचाळीस माणसांनी श्वास रोखला. फिल्मच्या डब्याचं झाकण निघालं आणि आतून लोणीबिस्किट बाहेर आलं.

साधंसुधं नव्हे. ताटाएवढं गोल, चपटं, कडेला चिमटे काढून नक्षी केलेलं, वर साखर भुरभुरलेलं. खाली आणि वर लोणीकागदाची एकेक चकती, कात्रीने अगदी मापात कापलेली.

"अगं बाई, हे तर सोडतीचं बक्षीस!" हॉटेलच्या मालकीणबाई मिसेस क्लेग मागून ओरडल्या. "माझ्या बहिणीनं केलेलं! काल आठला टेबलावरून गायब झालं, तेव्हापासून मी कुत्र्याला शिव्या घालतेय."

टेबलाखालच्या कुत्र्याने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. त्याची माफी मागायला कुणाला सवड नव्हती, कारण तोवर गेथिन मटकन खुर्चीत बसला होता.

‘काउंटर नाइन’ या मालिकेचे एकूण चव्वेचाळीस भाग झाले. मेजर टॉलिव्हर आणि मिस पेनहॅलो हे दोन हेर लंडनच्या एका स्टेशनात, हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे बसायचे आणि दर गुरुवारी पंचवीस मिनिटांत देश वाचवायचे. त्रेचाळीस भाग आजही बघायला मिळतात. ‘सकाळची शेवटची गाडी’ हा एकच भाग, एकदाच दाखवून झाल्यावर, जागा अडते म्हणून कुणीतरी फेकून दिला. साठ वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मग यंदा वसंतात वेल्समधल्या एका प्रार्थनाघरात, बाजाच्या पेटीखाली, जुन्या भजनपुस्तकांच्या ढिगात गेथिनला तो गोल डबा मिळाला, वर त्या भागाचं नाव लिहिलेला. सुरुवातीच्या कोऱ्या पांढऱ्या पट्टीपुढे आपण फिल्म उलगडणार नाही, सगळे मिळून चाहता मंडळाच्या थॉर्नबीतल्या संमेलनातच बघू, अशी शपथ त्याने घेतली होती.

आणि आता डब्यात बिस्किट होतं.

"पोलिसांना बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"काय सांगणार त्यांना? बिस्किट सापडलं म्हणून?" मिसेस क्लेग म्हणाल्या.

मग हळूहळू सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. खिडकीपाशी चहाचा कप धरून डॉट पार्जिटर उभी होती. मंडळाची चिटणीस, वय बहात्तर. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत तिने चाळीस वर्षं काढली होती. तिने कप खिडकीत ठेवून दिला.

२

तो भाग डॉटला का बघायचा होता, ते गेथिनलाच ठाऊक होतं, कारण तिने ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या हरवलेल्या भागात तिचे वडील होते.

वॉल्टर पार्जिटर हे क्रॅगबी स्टेशनात हमाल. चित्रीकरणाची मंडळी आली, तेव्हा दिग्दर्शकाने त्यांच्या हातात एक पेटी दिली आणि सांगितलं, फलाटावरून नुसतं चालत जायचं, कॅमेऱ्याकडे अजिबात बघायचं नाही. त्या दिवशी वडील घरी आले ते गालातल्या गालात हसतच. "डॉटी, तुझ्यासाठी एक गंमत करून आलोय," ते म्हणाले. "काय ते सांगणार नाही. टीव्हीवर बघशीलच."

तो भाग लागला त्या गुरुवारी बारा वर्षांची डॉट गोवर अंगात मुरून इस्पितळात होती. "पुन्हा दाखवतील की," वडील म्हणाले. पुन्हा कधी दाखवलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात वडील गेले. गंमत काय होती ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. घरात त्यांचा एकच फोटो होता, राखाडी, ताठ उभा राहून काढलेला. ते चालायचे कसे, हे डॉट अलीकडे विसरायला लागली होती, आणि त्याची तिला भीती वाटायची.

कचेरीतल्या नोकरीसाठी तिने अर्ज केला तो या मालिकेपायीच. हेर काही भेटले नाहीत. छत्र्या भेटल्या, कवळ्या भेटल्या, एकदा एक जिवंत कासव भेटलं. चाळीस वर्षांत ती दोन गोष्टी शिकली. पहिली, वस्तू आपणहून कुठे जात नाही, ज्याला तिची काळजी किंवा कंटाळा असतो त्याच्यामागून जाते. दुसरी घंटीबद्दलची. ज्याची नुसती छत्री हरवलीय, तो खिडकीवरची घंटी तीनदा बडवतो. ज्याचं खरोखर काही हरवलंय, तो एकदाच, हलके दाबतो.

"डॉट," गेथिन जवळ येऊन पुटपुटला, "प्रोजेक्टर मला आज संध्याकाळी पाचला परत न्यायचाय. सोमवारी फिल्म सरकारी संग्रहालयात जाणार. तिथून बाहेर यायला पाच वर्षंही लागतील."

डॉटने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दहा कमी होते.

"काल पाचला तू आम्हाला रीळ दाखवलंस," ती म्हणाली. "आठला बिस्किट गायब असल्याचं कळलं. मध्ये सहा ते आठ प्रश्नमंजूषा. दाराजवळ मीच बसले होते. पाहुण्यांपैकी तिघंच त्या वेळात हॉलबाहेर होते. त्यांतला एक तू."



३

"मी? मी आईला फोन करत होतो!" गेथिन कळवळला. "नव्वद वर्षांची आहे. रोज सातला फोन आला नाही तर ती मला मेला समजून शेजाऱ्यांना चहाला बोलावते!"

"किती वेळ बोललास?"

"दहा मिनिटं. मग दहा मिनिटं बागेत उभा होतो. रडत होतो, झालं समाधान? ती फिल्म द्यायची म्हणजे... मी नऊ आठवडे तिच्या शेजारी झोपलोय, डॉट."

डॉटने मान डोलवली. ज्याला फिल्म स्वतःकडेच ठेवायची होती, त्याने ती घरीच ठेवली असती. नऊ आठवडे जपून, अडीचशे मैल आणून, इथे चोरायची कशाला? गेथिन गबाळा होता, पण इतका नव्हता.

दुसऱ्या होत्या ऑरिएल स्टॅनफर्थ, म्हणजे खुद्द मिस पेनहॅलो. वय पंच्याऐंशी, डोक्यावर पिसाची टोपी. बैठकीच्या खोलीत शेकोटीजवळ बसून त्या मार्मलेड चमच्यानेच खात होत्या.

"तो भाग हरवला, तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी खोटं कशाला बोलू, बाळ?"

"का हो, मिस स्टॅनफर्थ?"

"मी त्यात गायलेय."

"इतकं वाईट?"

"ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं नोकरी सोडली. पुढे पाद्री झाला." त्यांनी चमचा चाटला. "त्या आठवड्यात सगळंच विचित्र. कोण एक अमेरिकन पाहुणा येऊन बसलेला. एरवी आम्हाला पांढरट पावडर फासायचे. त्या आठवड्यात मात्र रंगभूषेच्या बाईनं माझं तोंड संत्र्यासारखं करून टाकलं. वर आणखी नवा कोट, तोच मग शेवटच्या भागापर्यंत घातला."

डॉट पुढे सरकली. "कोटाचा रंग कोणता होता?"

"ते विचारायचं नाही. डाळिंबीवाले मला दर नाताळाला शेरी पाठवतात आणि हिरवेवाले चॉकलेटं. मी काय वेडी आहे?"

हे प्रकरण मंडळात साठ वर्षं धुमसत होतं. मालिका काळी-पांढरी, म्हणूनच संमेलनाला सगळे काळं, पांढरं आणि राखाडी घालून येत. पण मिस पेनहॅलोचा तो प्रसिद्ध कोट खरा कोणत्या रंगाचा, यावरून निम्मं मंडळ डाळिंबी होतं, निम्मं गर्द हिरवं. दोन लग्नं यावरून मोडली होती, आणि एक जमलंही होतं.

"काल सहा ते आठ तुम्ही कुठे होतात?"

"याच खुर्चीत. कुत्रं मांडीवर झोपलं होतं. झोपलेल्या कुत्र्याला उठवणारी बाई मी नव्हे."

"खरंय," दारातून मिसेस क्लेग म्हणाल्या. "मी सातला डोकावले तेव्हा दोघंही घोरत होती." म्हणजे बाई सुटल्या, आणि बिस्किटाच्या आरोपातून कुत्राही सुटला. पण मिसेस क्लेगचं तोंड अजून आंबटच होतं. "चोर शोधतेच आहेस राणी, तर माझ्या व्हरांड्यातला थर्मामीटरही शोध. काल संध्याकाळपासून खिळ्यावर नाही. थॉर्नबीत थंडी मोजायला कुणाला एवढी हौस आलीय? थंडी आहे, हे नाकाला कळतंच की!"

डॉट जागच्या जागी थांबली.

४

तिसरा माणूस मंडळाचा अध्यक्ष होता. डेस्मंड थ्रेल, निवृत्त शाळामास्तर. नाकावर चष्मा, खिशात दुसरा चष्मा, आणि हातात कायम दाबून वाजवायची पितळी घंटी. घंटी सगळ्यांकडेच असायची, ती मंडळाची रीतच होती. भाग बघताना चूक दिसली, म्हणजे माइकची सावली पडली, मेजरचा टाय मध्येच बदलला किंवा मागचं कुणी कॅमेऱ्याकडे बघून गेलं, की टिंग करायचं. पण डेस्मंडची घंटी जेवताना, चालताना, झोपेतसुद्धा वाजायची. ‘गर्द हिरवा’ एवढे दोन शब्द समुद्रकिनाऱ्यावर उच्चारले, तरी हॉटेलातून टिंग यायचं.

तो पुस्तकांच्या थप्प्यांमागे बसला होता. त्याच्या ग्रंथाची नवी आवृत्ती आज संध्याकाळी सहाला प्रकाशित व्हायची होती. नाव ‘डाळिंबी सत्य’. पुठ्ठाही डाळिंबीच. अकराव्या प्रकरणात राखाडी छटा मोजून त्याने कोटाचा रंग साठ पानांत सिद्ध केला होता.

"भयंकर, भयंकर!" डॉटला पाहून तो म्हणाला. "मंडळाच्या इतिहासातली सर्वांत काळी घटना."

"काल प्रश्नमंजुषेतून तू वीस मिनिटं बाहेर गेलास, डेस्मंड."

"चष्मा आणायला."

"चष्मा कपाळावर होता."

"म्हणून तर सापडायला वेळ लागला!"

डॉटला हसू आलं असतं, पण घड्याळात बारा वाजून गेले होते. तिला सकाळचा नाश्ता आठवत होता. गेथिन रोजच्यासारखा चहाचा कप उंचावून म्हणाला होता, "गर्द हिरव्या कोटाचा विजय असो!" डॉटने सवयीने मान आवळून धरली होती, टिंग ऐकायला. मग तिने लोणी पुढे सरकवलं, टोस्ट खाल्ला आणि काहीतरी राहून गेल्यासारखं उगाच वाटत राहिलं.

आता तिने पुस्तकाची एक प्रत उचलली, पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि सहज म्हटलं, "पुस्तक देखणं झालंय. कोट मात्र गर्द हिरवाच होता, नाही का?"

डेस्मंडचा हात घंटीवर होता. त्याने पुस्तकांची थप्पी सरळ केली. मग परत वाकडी करून परत सरळ केली.

घंटी वाजली नाही.

"चल माझ्याबरोबर," डॉट म्हणाली.

५

कोठीच्या दारात पाचजणं दाटीवाटीने उभी राहिली. डॉट, डेस्मंड, गेथिन, मिसेस क्लेग, आणि कुत्र्याला काखेत मारून ऑरिएलबाई.

"बिस्किटाखाली लोणीकागद होता," डॉट म्हणाली. "वरही होता. साठ वर्षांच्या गंजक्या डब्याला लोणी लागू नये म्हणून ज्याचा जीव तुटतो, तो कसला चोर? तो तर आपल्यातलाच. आणि आपल्यातला माणूस घर जाळील, फिल्म जाळणार नाही. तो ती लपवील, पण नीट लपवील. नियमानं."

"कुठल्या नियमानं?" गेथिनने विचारलं.

"डेस्मंडच्याच. ‘जुनी फिल्म कशी जपावी’, मंडळाचं पत्रक, पान दोन. थंड जागा. कोरडी जागा. रीळ आडवं ठेवावं. जवळ थर्मामीटर असावा." तिने मिसेस क्लेगकडे वळून विचारलं, "या घरात सगळ्यांत थंड आणि कोरडं काय?"

"माझ्या नवऱ्याचा स्वभाव," मिसेस क्लेग म्हणाल्या. "आणि त्याच्यानंतर ही चीझची फळी."

संगमरवरी फळीवर, मोठ्या चिनीमातीच्या झाकणाखाली, स्वच्छ उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं रीळ आडवं ठेवलं होतं. शेजारी व्हरांड्यातला थर्मामीटर आणि त्याच्याखाली एक चिठ्ठी, शाळामास्तरच्या सुबक अक्षरात: ‘शुक्रवार, ७.१०: अकरा अंश. शनिवार, ६.००: अकरा अंश. ९.४५: साडेअकरा. चिंताजनक.’

डेस्मंडने भिंतीला पाठ टेकली. एवढा उंच माणूस, पण त्या क्षणी तो पिठाच्या पोत्याएवढाच दिसत होता.

"मला फक्त पहिल्यांदा बघायचं होतं," तो म्हणाला. "चार चौकटी. टेबलावरच्या दिव्यापुढे भिंग धरून. पण ती रंगीत आहे, गेथिन. तो भाग रंगीत आहे!"

"अमेरिकन पाहुणा," डॉट म्हणाली. "आणि संत्र्यासारखं तोंड. रंगीत फिल्मची चाचणी होती ती. आपल्याकडे दाखवली काळी-पांढरी."

"आणि कोट?" गेथिनला धीर धरवेना. "कोट हिरवाच ना?"

"पिवळा," डेस्मंड रडवेल्या आवाजात म्हणाला. "पिवळाधमक. हळदीसारखा."

ऑरिएलबाई छताकडे बघत राहिल्या. त्यांची शेरी गेली होती आणि चॉकलेटंही गेली होती.

"जुन्या फिल्मचा रंग उतरतो," डेस्मंड केविलवाणं म्हणाला.

"उतरून तांबूस होतो, गाढवा!" गेथिन म्हणाला. "म्हणजे काळसुद्धा तुझ्या बाजूनं होता, तरी पिवळाच निघाला."

"मी उद्या परत ठेवणार होतो. पुस्तक बाहेर पडलं की लगेच. एक दिवसाचा तर प्रश्न होता, डॉट!"

आणि मग डॉटला राग आला. इतका, की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"उद्या प्रोजेक्टर नाही," ती म्हणाली. "परवा फिल्म नाही. तुला एक दिवस हवा होता, डेस्मंड, आणि माझ्याकडे तेवढा एकच होता. त्यात माझे वडील आहेत. पेटी घेऊन चालतात. मी त्यांना साठ वर्षांत चालताना पाहिलेलं नाही."

डेस्मंडने खिशातून पांढरे हातमोजे काढले, घातले, रीळ दोन्ही हातांनी उचललं आणि तान्ह्या बाळासारखं गेथिनच्या हाती दिलं.

"मी त्यांच्यापर्यंत पोचलो नव्हतो," तो हळूच म्हणाला. "शपथ. ते तुझ्यासाठी तसेच आहेत."

६

दोन वाजता पडदे ओढले. लोणीबिस्किटाचे एकोणचाळीस तुकडे झाले आणि चाळिसावा कुत्र्याला मिळाला. डेस्मंड सगळ्यांसमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. अकरावं प्रकरण आपण मागे घेत आहोत, हे सांगताना त्याचा आवाज मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा झाला. मग तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

पडद्यावर रंग उमटले तेव्हा राखाडी कपड्यांतल्या त्या सगळ्या माणसांच्या तोंडून एकच ‘हाऽऽ’ निघालं. मेजरचे डोळे निळे होते. खिडकीमागची फडताळं शेवाळी होती. आणि मिस पेनहॅलो आत आल्या, पिवळ्याधमक कोटात, तेव्हा डाळिंबीवाले आणि हिरवेवाले एकमेकांकडे चोरून बघू लागले. दोघांनाही ओशाळं वाटत होतं, त्यामुळे भांडणाला जागाच उरली नाही.

सातव्या मिनिटाला बाई गायल्या. पहिली घंटी त्यांनी स्वतःच वाजवली.

मग टिंग, टिंग सुरू झालं. मेजरचा टाय बदलला, टिंग. माइकची सावली, टिंग टिंग. डॉटच्या मांडीवरची घंटी तशीच होती. तिचं लक्ष फलाटाकडे होतं. क्रॅगबीचा फलाट, त्यावरची कुंड्यांतली लाल जिरेनियमची फुलं, ती तर डॉट विसरूनच गेली होती.

अठराव्या मिनिटाला डावीकडून एक माणूस पेटी घेऊन आला.

तो किंचित उजवीकडे कलून चालत होता. हो, असेच चालायचे, डॉटला वाटलं, असेच, अगदी असेच. गणवेशावर, नियम धाब्यावर बसवून, त्याने मफलर गुंडाळला होता. नारिंगी, निळा, मध्येच जांभळा, जागोजागी टाके सुटलेला. उरल्यासुरल्या लोकरीचा तो मफलर डॉटने शाळेत विणला होता, वयाच्या अकराव्या वर्षी. आईने तो कुत्र्याच्या टोपलीत घालावा म्हणून दोनदा सुचवलं होतं.

पडद्याच्या मध्यावर वॉल्टर पार्जिटर थांबले. पेटी खाली ठेवली. मिस पेनहॅलो मागे देश वाचवत होत्या, त्यांच्याकडे साफ दुर्लक्ष करून ते वळले, थेट कॅमेऱ्यात बघितलं, मफलरचं टोक उचलून हलवलं, आणि हसले. मग पेटी उचलून ते उजवीकडून निघून गेले.

चव्वेचाळीस भागांतली ती सर्वांत मोठी चूक होती. हॉलमध्ये एकोणचाळीस घंट्या होत्या आणि अडतीस माणसं आपापली घंटी वाजू नये म्हणून मुठीत आवळून बसली होती. शेवटच्या रांगेत डेस्मंडने तर स्वतःच्या घंटीवर टोपी ठेवली होती.

कुणीच वाजवली नाही.

डॉटने डोळे पुसले, मांडीवरची घंटी समोरच्या टेबलावर ठेवली, आणि एकदाच, हलके दाबली.